बिरदेवच्या कानातला पावा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या बिरदेवला तंद्री लागायची जुनी खोड होती. धडाधड माग चालू असायचे, धोटा इकडून तिकडं पळत असायचा, आणि हा गडी मागापुढं उभ्या उभ्या सांगोल्याकडच्या माळावर जाऊन यायचा. गंमत अशी की हात कधी चुकत नसत. तार तुटली की हात आपोआप पुढं व्हायचे, गाठ मारायचे, माग पुन्हा सुरू करायचे. मन मात्र तिकडं मेंढरांच्या मागं चाललेलं. मुकादम पहिल्यांदा चिडायचा, मग त्यानं नाद सोडला. काम चोख होतंय ना, मग माणूस कुठं का असेना.

बिरदेव मेंढपाळाच्या घरातला. थोरला भाऊ गुरप्पा आणि तो, दोघंही लहानपणापासून बापाच्या मागं कळप घेऊन हिंडलेले. दोघांनाही पावा वाजवता यायचा. ऊन कलायला लागलं की गुरप्पा धोंड्यावर बसून कळप परतवायची चाल वाजवायचा आणि पांगलेली मेंढरं माना वर करून हळूहळू त्याच्याकडं चालू लागायची. मग पावा धाकट्याच्या हातात यायचा. बिरदेव तीच चाल वाजवायचा, पण शेवटी स्वतःची एक मुरकी जोडायचा. सूर वर न्यायचा, तिथंच धरून ठेवायचा आणि दम संपेपर्यंत हलवत राहायचा. थोरल्याला हे मुळीच खपायचं नाही.

"बिऱ्या, घरला बोलवायची चाल हाय ही," तो ओरडायचा. "असलं काय वाजवलंस तर मेंढरं खुळी हुतील की!"

पुढं पाऊस रुसला, कळप निम्मा झाला, आणि एका कळपावर दोन संसार चालेनात. धाकटा सोलापूरला आला. पावा थोरल्याकडं राहिला. आपण काय सोडून आलो हे बिरदेवला तेव्हा कळलं नाही. ते मागावर उभं राहिल्यावर कळत गेलं, आणि म्हणूनच बहुतेक ती तंद्री लागायची.

मागाच्या शेडमध्ये कुणी ओरडत नाही. ओरडून उपयोगच नसतो. नुसते ओठ हलवायचे, फार तर हातानं खूण करायची, आणि समोरच्यानं ती वाचायची. बिरदेवची बायको सुकन्या त्याच आवारात टॉवेलच्या कडा शिवायला जाते. शिवायचा विभाग लांब, तिथं गोंगाट कमी, त्यामुळं तिचे कान शाबूत. पण ओठांची भाषा तिलाही नवऱ्यामुळं आली आणि दोघं घरातही तसेच बोलायला लागले. चहा ठेवू का, हे ती चुलीजवळून नुसत्या ओठांनी विचारणार, हा भिंतीजवळून मान हलवणार. पुण्याला नर्सिंग शिकणारी त्यांची पोर, उत्कर्षा, सुट्टीला आली की कपाळावर हात मारते. म्हणते, आमच्या घरात टीव्हीचा आवाज मोठा आणि माणसांचा बंद.

टीव्हीचा आवाज मोठा का, हे घरात कुणी विचारत नव्हतं. पोरीच्या मनात ते आलं असणार, पण बापापुढं बोलायचं कसं.

यंदा उत्कर्षा गावच्या जत्रेला गेली आणि तिथून तिनं बापाच्या मोबाईलवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'मोठ्या आबांनी मागच्या आठवड्यात कळप विकला. गुडघे चालत नाहीत म्हणतात. हा पावा त्यांनी खास तुमच्यासाठी वाजवलाय. म्हणाले, बिऱ्याला इचार, शेवटाला काय वाजवलंय ते वळखलं का.'

बिरदेवनं मोबाईल कानाला लावला. ढोल ऐकू आला. धुम, धुम, धुम. माणसांचा गलबला ऐकू आला. पावा काही ऐकू आला नाही. त्यानं मोबाईल उलटा धरून पाहिला, आवाज पूर्ण वाढवला. पुन्हा ढोलच. शेजारी सुकन्या भाकरी थापत होती. तिनं मान वर करून मोबाईलकडं पाहिलं आणि ती छानशी हसली. बिरदेवला वाटलं, जत्रेच्या ढोलाला हसली.

विणणाऱ्याची एक रीत असते. कापडात दोष दिसला की आधी सूत बघायचं, मग माग बघायचा, आणि दोन्हीत काही सापडलं नाही तर शेवटी आपला हात बघायचा. बिरदेवनं याच रीतीनं सुरुवात केली. आधी सूत. पोरीला सांगून रेकॉर्डिंग पुन्हा मागवलं. आलं ते तसंच. मग माग. त्याच्या मते मोबाईलच दळभद्री होता. त्याच्या शेजारच्या मागावर युवराज नावाचा तरणा गडी असतो, सगळ्या नव्या वस्तूंचा जाणकार. त्यानं मागाआडून ओठ हलवले, "मामा, कानात आत जाणारं घ्या. रबराचं बोंडूक असतंय ते. बाहेरचा आवाज येत न्हाय, आतला जात न्हाय."

बिरदेवनं फुटपाथवरच्या गाड्यावरून एक जोडी घेतली. स्वस्त मिळाली म्हणून खूशही झाला. घरी येऊन कानात घातली तर ढोल थेट डोक्यात वाजायला लागला. पावा जणू त्या ढोलाखाली गाडला गेला होता.

तेवढ्यात गुरप्पाचाच फोन आला.

"ऐकलंस का रं?"

"व्हय, व्हय. लई झ्याक."

"मग वळखलं का? काय हुतं शेवटाला?"

बिरदेवनं घाईघाईनं सांगून टाकलं, "दादा, हितं माग चालू हायत. काय ऐकू येईना. मागनं बोलतो." आणि त्यानं फोन ठेवला. माग कुठले चालू असायला! तो घरात उभा होता आणि समोर सुकन्या लसूण सोलत होती. तिनं हातातला लसूण ठेवून त्याच्याकडं पाहिलं. थोरल्या भावाशी खोटं बोलल्याची लाज वाटून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

त्या रात्री त्याला स्वप्न पडलं. माळावर मेंढरं पांगलेली, गुरप्पा धोंड्यावर बसलेला, पावा ओठांना लावलेला, बोटं हलताहेत. आवाज मात्र नाही. मेंढरं माना वर करून बिरदेवकडंच बघताहेत, तुला येतंय का रे ऐकू, असं विचारल्यासारखी.

सुट्टीच्या दिवशी तो नवी पेठेत गेला. एका बोळाच्या तोंडाशी दाक्षायणीचं दुकान आहे. मोबाईलची कव्हरं, चार्जर, कानातले इअरफोन. वडिलांनंतर पोरीनं दुकान सांभाळलं आणि आता तिच्या शब्दाला बाजारात मान आहे. गिऱ्हाईक आलं की ती आधी विचारते, ऐकणार काय? बातम्या, गाणी, की नुसतं फोनवर बोलणं?

"पावा," बिरदेव म्हणाला.

दाक्षायणीनं असलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं असावं. ती मांडी घालून नीट बसली. "मग काका, खोक्यावर काय लिहिलंय ते बघायचंच नाही. दणका, धमाका, सगळ्यांवर लिहिलेलं असतंय. असल्यात ढोल मोठा होतो आणि बारीक आवाज दबतात. तुम्हाला सगळं सारखं ऐकवणारं पाहिजे. आणि वायरचंच घ्या. थोडक्या पैशात चांगला आवाज वायरचाच मिळतो, बिनवायरीत निम्मे पैसे बॅटरीलाच जातात की."

मग तिनं रबराची बोंडकी काढली, लहान, मधली, मोठी. "निम्मं काम ह्याचं. कानात गच्च बसलं नाही तर हजाराचंही फुकट." तिनं स्वतः त्याच्या कानाला लावून पाहिली आणि मोठं बोंडूक बसवलं. "आता माझी गाणी लावणार नाही. तुम्हाला पाठ असलेलं तुमचंच लावा. ओळखीचं ऐकलं तरच फरक कळतो."

बिरदेवनं गुरप्पाचं रेकॉर्डिंग लावलं. पहिली जोडी. ढोल. दुसरी जोडी. ढोल, जरा स्वच्छ. तिसऱ्या जोडीत माणसं वेगवेगळी कळली, कुणी खोकलं तेही कळलं. आता येईल, आता येईल, म्हणून त्यानं डोळे मिटले. ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा होती. तिथं काहीतरी असायला हवं होतं. माळावर वारा पडला की असते, तशी शांतता होती नुसती.

"द्या बघू, काका," दाक्षायणी म्हणाली. तिनं एक बोंडूक आपल्या कानात घातलं, आणि तिचा चेहरा खुलला. "अगबाई! पावा किती गोड ऐकू येतोय की! ढोलाच्या वर तरंगतोय नुसता."

बोलून झालं आणि मग तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पोरगी हुशार. तिच्या ध्यानात आलं आणि तिनं कानातलं बोंडूक हळूच काढलं.

"व्हय," बिरदेव म्हणाला. "लई गोड हाय. हेच द्या."

सायकलवरून परत येताना त्याला तंद्री लागली नाही. सूत बघून झालं होतं. माग बघून झाला होता, एक सोडून तीन. आता राहिला होता तो आपला हात. तरुणपणी त्याच्याबरोबरचे काही शहाणे कामगार कानात सुताचे बोळे घालायचे, आणि हा त्यांना हसायचा. म्हणायचा, बायकांवानी कान काय झाकता! मागानं हिशेब काही मांडला नाही, नुसते बारीक बारीक आवाज एकेक करून नेले. आधी चिमण्या गेल्या असतील, मग सुकन्याच्या बांगड्या, आणि बिरदेवला पत्ताच नाही. पावा सगळ्यात बारीक, आणि तो कधी गेला हेही त्याला कळलं नव्हतं. माणसाला स्वतःचा राग येतो तेव्हा तो कुणावर काढायचा हेच कळत नाही. त्यानं सायकलची घंटी उगाचच दाबली. ती वाजली की नाही कुणास ठाऊक.

घरी आला तेव्हा दिवस मावळतीला होता. सुकन्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. तो वर गेला, नवी जोडी कठड्यावर ठेवली आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ओठांनी नाही, तोंडानं.

"फोनचा काय दोष न्हाय. माझ्या कानाला पावा येत न्हाय. दादाला आता काय सांगू?"

सुकन्यानं कपडे खाली ठेवले. "मला ठावं हाय," तिनं ओठ हलवले. "त्या दिवशी भाकऱ्या करताना मी ऐकला की. तुमी न्हाय ऐकला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी एवढ्या आशेनं शोधत हुता. कसं बोलू?"

तिला त्याचा कळवळा आला होता आणि तो तिनं लपवला नाही. ती त्याच्याजवळ कठड्याला टेकून बसली, एक बोंडूक त्याच्या कानात घातलं, दुसरं आपल्या. मग त्याचा डावा हात ओढून मांडीवर उताणा धरला आणि त्याच्या तळव्यावर आपलं एक बोट टेकवलं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. बिरदेवच्या कानात ढोल धुमला. आणि तळव्यावर सुकन्याचं बोट हलायला लागलं. सूर वर गेला की बोट वर, बोटांच्या टोकाकडं. खाली आला की मनगटाकडं. थांबला की थांबायचं. तिला ती चाल ठाऊक नव्हती, लग्न होऊन ती आली ती थेट सोलापूरलाच. तिला ऐकू येत होतं तसं ती नुसतं दाखवत होती.

बिरदेवच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागली, पाव्याच्या भोकांवर ठेवल्यासारखी. तुटलेल्या तारेकडं हात जातो, तशीच ती गेली. आधी एक भोक मोकळं, मग दोन, मग पुन्हा झाकलं. कळप परतवायची चाल! समोर एमआयडीसीच्या पत्र्यांवर तांबूस उजेड पडला होता आणि त्या पत्र्यांच्या पलीकडून, बिरदेवला अगदी स्पष्ट दिसलं, मेंढरं माना वर करून येत होती. धुरळा उडत होता. गुरप्पा धोंड्यावर बसला होता, आणि या खेपेला स्वप्नातला पावा मुका नव्हता.

चाल संपत आली. आता बोट मनगटाशी येऊन थांबणार, हे बिरदेवला माहीत होतं. गुरप्पा तिथंच थांबायचा, जन्मभर. पण सुकन्याचं बोट थांबलं नाही. ते वर चढलं, करंगळीच्या टोकापर्यंत गेलं, आणि तिथंच थरथरत राहिलं. किती तरी वेळ थरथरत राहिलं, अगदी दम संपेपर्यंत.

बिरदेवनं तिचं बोट मुठीत धरलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

"काय झालं?" सुकन्यानं घाबरून विचारलं, चक्क आवाजानं.

बिरदेवनं तिच्या कानातलं बोंडूक काढून आपल्या दुसऱ्या कानात घातलं आणि भावाला फोन लावला.

"दादा, वळखलं."

"काय वळखलं?" गुरप्पानं खवचटपणे विचारलं.

"शेवटाला माझी मुरकी घेतलीस की तू. आन् मेंढरं खुळी झाली म्हंजी?"

बिरदेवनं बोंडकी बोटांनी दाबून कानात आणखी गच्च बसवली. गुरप्पाचा आवाज पहिल्यापासून जाड, खर्जातला. तो नीट ऐकू आला.

"आता कुटली मेंढरं, बिऱ्या," गुरप्पा म्हणाला. "आता तुलाच घरला बोलवायचं राहिलंय."