मावशीनं शिकवलेलं वाकणं

हडपसरच्या पुढे कालव्याला लागून एक नर्सरी आहे. मी आणि माझी बायको गेली नऊ वर्षं तिथे काम करतो. आम्ही विदर्भातले. आलो तेव्हा मला झाडांची नावंसुद्धा धड येत नव्हती, पण अंगात ताकद होती आणि मालकांना तीच हवी होती. मालक इथल्याच गावचे. आजूबाजूचं शिवार इमारतींनी भरत गेलं, तेव्हा त्यांनी दोन एकर राखून ठेवले आणि त्यावर ही नर्सरी उभी केली. बोलायला तिरके, पण माणूस सरळ.

नर्सरी म्हटलं की लोकांना फुलं आठवतात. आम्हाला आधी वजन आठवतं. ओल्या मातीनं भरलेल्या सिमेंटच्या कुंड्या, शेणखताची पोती, टेम्पोत चढवायचे उंच पाम. दोघांनी धरायची कुंडी मी एकटा उचलायचो. गिऱ्हाईक बघत असलं तर जरा जास्तच झोकात. बायको लांबून बघायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, तिला कौतुक वाटतंय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. एका कंपनीच्या आवारात लावायला पाम जायचे होते. टेम्पो लागला होता आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. हातपाय अजून गारठलेलेच होते. मी पहिलीच मोठी कुंडी उचलली आणि पाय न हलवता नुसताच कमरेतून टेम्पोकडे वळलो. कमरेत डावीकडे काहीतरी सटकलं. कुंडी कशीबशी खाली ठेवली, पण मला वर होता येईना. गुडघ्यांवर हात टेकून तसाच ओणवा राहिलो.

मालक समोरून आले. "सकाळी सकाळी नमस्कार कुणाला घालताय?" त्यांनी विचारलं. मग माझा चेहरा दिसला तसे म्हणाले, "धरा रे त्याला. बसवा सावकाश."

"उसण भरली," कोणीतरी म्हणालं. "मावशीकडे न्या."

मावशी म्हणजे रोपांसाठी मातीच्या पिशव्या भरणाऱ्या बायकांतली सगळ्यात जुनी. पंचावन्न-साठीची, आसपासच्याच गावची. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा पायाळू माणसाचा पाय कमरेला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडेही मानतात आणि इकडेही. त्यामुळे नर्सरीतच नाही, आसपासच्या सोसायट्यांतल्या वॉचमनचीही कंबर धरली की ते मावशीला शोधत यायचे.

मावशीनं नळावर पाय धुतला, बायकोच्या खांद्याचा आधार घेतला आणि माझ्या कमरेला अलगद तीनदा पाय लावला. पाय थंडगार होता.

"उतरली का?" तिनं विचारलं.

"नाही."

"न्हाईच उतरायची. माझी सोताची कंबर तीस वर्सं दुखतीय, तिला कुणाचा पाय लावू?" बायका हसल्या. मावशी हसली नाही. "रीत हाय म्हणून केलं. आता गुमान दवाखान्यात जा."

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी मला झोपवून एकेक पाय वर उचलायला लावला, बोटांना टाचणी टोचून बघितली. स्नायू दुखावलाय, नसेला काही झालेलं नाही, म्हणाल्या. गोळ्या आणि शेक सांगितला. पायाला मुंग्या आल्या, पाय बधिर झाला किंवा लघवीचा त्रास वाटला तर एक दिवसही न थांबता यायचं, हे दोनदा सांगितलं. मी विचारलं, "किती दिवस पडून राहू?"

"पडून कशाला राहायचं? दुखणं सोसवेल तेवढं चालायचं. रोज थोडं जास्त. वजन मात्र सध्या उचलायचं नाही."

चार दिवसांनी कामावर गेलो, तर मालकांनी मला बायकांत पिशव्या भरायला बसवलं. आधी मला फार ओशाळवाणं वाटलं. मी मान खाली घालून घाईघाईनं पिशव्या भरत सुटलो. अर्ध्या तासानं मावशीनं माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं.

"ऊठ. चार पावलं चालून ये."

"आत्ताच तर बसलोय, मावशी."

"म्हणून तर. दुखायला लागल्यावर उठलं तर काय उपेग?"

तेव्हा मी पहिल्यांदा त्या बायकांकडे नीट बघितलं. इतकी वर्षं त्या माझ्या नजरेसमोर होत्या. त्या थोड्या थोड्या वेळानं जागा बदलायच्या, उजवीकडचं घमेलं डावीकडे घ्यायच्या. पाणी प्यायच्या निमित्तानं एकेक जण उठायची आणि कमरेवर हात ठेवून मागे वाकायची. खताचं पोतं आलं की ते कोणी उचलायचंच नाही. जागेवर फोडून अर्धं अर्धं न्यायचं. मी याला चुकारपणा समजत आलो होतो. एकदा बायकोजवळ तसं बोललोही होतो.

दोन आठवड्यांनी मावशीनं मला रिकामी कुंडी उचलायला लावली. मी सवयीनं वरून वाकलो.

"तसं न्हाई. तिच्यापाशी जा. लांबून काय बोलावतो तिला? पाय फाक, गुडघ्यात बस, पोटाशी धर, आन् मग मांड्यांच्या जोरावर वर ये. वळायचं तर पाय वळव, कंबर वळवू नको."

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कंबर गेल्यावर शिकले. आधी बिगारी काम केलं, डोक्यावर खडी वाहिली. लोक पाय लावून घ्यायला येतात, पण तुझी कंबर कशी हाय, ह्ये न्हाई कुणी इचारत."

मी रिकामी कुंडी घेऊन उभा होतो. मीही कधी विचारलं नव्हतं.

माझ्या वाटणीच्या कुंड्या या काळात कोण उचलत होतं, हाही प्रश्न मला पडला नव्हता. उत्तर एका दुपारी आपोआप समोर आलं. मी पाणी प्यायला हिरव्या जाळीच्या मागे गेलो, तर तिथे बायको उभी होती. खांबाला टेकून, दोन्ही मुठी कमरेत रोवून, डोळे मिटलेले. मला बघून तिनं हात पटकन खाली घेतले आणि झारी उचलून निघून गेली.

संध्याकाळी खोलीवर ती माझ्यासाठी पाणी गरम करत होती. शेकायच्या पिशवीत मी ते भरलं आणि पिशवी तिच्याकडे धरली.

"मले कायले?" ती म्हणाली. "तुमची कंबर दुखते."

"तुझी कधीपासून दुखते?"

तिनं स्टोव्हची आच कमी केली. "पोरगी झाली तवापासून."

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती.

"सांगितलं का नाहीस?"

"तुमी एकटे येवढ्या मोठ्या कुंड्या उचलत होते न. मंग मी कशी म्हणू का मले लहान उचलत नाही? मले तर तुमचं भ्याव वाटे. म्हणो, आज नाही तं उद्या हे पडतीन."

म्हणजे ती लांबून बघायची ते कौतुकानं नव्हे. मी तिला पालथी झोपवलं आणि पिशवी जुन्या साडीच्या कापडात गुंडाळून कमरेवर ठेवली. ती लाजली, मुलगी बघतेय म्हणाली. मग हळूहळू तिचे खांदे सैल पडले आणि ती तशीच झोपून गेली. भाकरी त्या दिवशी मी थापल्या. मुलीनं त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मी मालकांसमोर उभा राहिलो. मोठी कुंडी यापुढे दोघांनीच उचलायची, आणि चाकांची एक ढकलगाडी हवी, असं सांगितलं.

"तुम्हीच ना ते, एका हातानं पाम फिरवणारे?" मालक म्हणाले.

"तोच. म्हणूनच सांगतोय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. आठवड्यानं दोन जुन्या ढकलगाड्या टेम्पोतून आल्या. "फुकट उभ्या राहायला आणल्या नाहीत," एवढंच ते म्हणाले. नर्सरीत पडलेली पत्र्याची पिंपं आणि जुनी फळी घेऊन मी कमरेइतक्या उंचीचं एक टेबल केलं, म्हणजे पिशव्या उभ्यानं भरता येतील. बायका आधी टेबलाकडे फिरकल्या नाहीत. उभं राहून काम केलेलं त्यांना काम वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मावशी उठली, टेबलाशी गेली आणि दुपारपर्यंत तिथेच राहिली. टेबल तिला थोडं उंच होत होतं, म्हणून तिच्या पायाखाली मी एक पाट दिला. जेवणाच्या सुट्टीत तिनं आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पहिल्यांदा मला वाढली.

बायकोला मी त्याच डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेलो. तिलाही त्यांनी व्यायाम दिले आणि चालायला सांगितलं. आता सकाळी आम्ही चटईवर शेजारी शेजारी पडून गुडघे पोटाशी घेतो, मुलगी आकडे मोजते. माझी कंबर पूर्ण बरी झाली असं नाही. थंडीत आठवण करून देते. बायकोचीही दुखते, पण आता ती सांगते आणि मी कुंडीची दुसरी बाजू धरतो.

संध्याकाळी काम सुटलं की आम्ही कालव्याच्या कडेनं चालतो. पहिल्या दिवशी ती माझ्या दहा पावलं मागून येत होती, गावाकडच्या सवयीनं. मी थांबलो. ती जवळ आल्यावर म्हणाली, "कुठी जाऊन राहिलो आपण?"

"कुठेच नाही. डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय."

लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. कुठे पोहोचायचं नसताना, हातात काही ओझं नसताना, आम्ही दोघं कधी सोबत चाललो नव्हतो. ती माझ्या बरोबरीनं चालू लागली. पुलापर्यंत गेलो, आणि दम लागला नाही म्हणून थोडं आणखी पुढे गेलो.