लाल दिव्याची वायर

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या बाजूला भिंतीवर एक पत्र्याचा डबा आहे. त्याला सगळे पॅनल म्हणतात. चाळ पाडून बिल्डरने आम्हाला तेवीस मजले बांधून दिले, त्यात हाही आला. कुठल्या मजल्यावर धूर झाला किंवा यंत्रणेतच काही बिघडलं, की त्यावर लाल दिवा लागतो आणि डबा टीं-टीं करत राहतो. मागच्या वर्षी तो तसा करायला लागला. दोन दिवस सगळ्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीकाकांनी इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने आतली एक वायर काढली, आवाजाबरोबर दिवाही गेला आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: "आवाजाची समस्या कायमस्वरूपी सोडवण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार." त्याखाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक अंगठा आमच्या आईचा.

"अगं, दुपारची झोप होत नव्हती," ती म्हणाली.

मला चिडायला फार वेळ लागत नाही. कॉलेजपासून पत्रकं लिहिते आहे. हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर झोपणाऱ्या नातेवाइकांवर लिहिलं, शिवडीच्या गोदामांपाशी दिवसभर धूर सोडत उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर लिहिलं. पत्रकाची एक रीत असते. पहिल्या ओळीत गुन्हा, दुसऱ्या ओळीत गुन्हेगार, तिसऱ्या ओळीत "आपण गप्प का?" बाकीचा कागद लोक वाचत नाहीत, त्यावर भेळ खातात. पॅनलवरच्या पत्रकाचा मथळा मला जिन्यातच सुचला: "दिवा विझवला म्हणजे आग विझली का?"

मग चौकशी केली तर कळलं, हा रोग एकट्या आमच्या इमारतीला नाही. लालबाग, परळ, लोअर परळ, जिथे जिथे चाळकऱ्यांना मागच्या बाजूला उभ्या डब्यांसारख्या इमारती बांधून दिल्यात, तिथे कुठे पॅनलवर कॅलेंडर टांगलंय, कुठे गणपतीच्या वर्गणीची पाटी. पुढच्या बाजूच्या विक्रीच्या टॉवरमधलं पॅनल मात्र एक युनिफॉर्मवाला माणूस खुर्ची टाकून बघत बसतो. म्हणजे आग कोणाची बघायची, हेही गेटवरच ठरतं. मी ठरवलं, सगळ्या इमारतींत पत्रक वाटायचं. त्यासाठी बाबांची मोटारसायकल मागितली.

बाबा गिरणीत कातण खात्यात यंत्रांना तेल घालायच्या कामाला होते. हातात तेलाची नळकांडी घेऊन पाळीभर फिरायचं, प्रत्येक बेअरिंगला पालथा हात लावून बघायचा, गरम लागलं की थांबायचं. गिरणी गेली, तिच्या जागेवर काचेचं ऑफिस उभं राहिलं आणि बाबा त्याच ऑफिसच्या गेटवर वॉचमन झाले. तिथे तेल घालायला काही नव्हतं. म्हणून असेल, त्यांनी ही जड, जुनी, मोठ्या इंजिनाची गाडी सेकंडहँड घेतली आणि गिरणीतलं सगळं प्रेम तिच्यावर ओतलं. दरवर्षी गणपतीच्या आधी दहा दिवस ते या गाडीवरून गावी जातात, घर उघडतात, झाडतात, गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधतात. आई आणि मी मागून ट्रेनने. यंदा गुडघा फार धरला होता. "ह्या वर्साक शेवटचो फेरो," ते म्हणाले होते. "मगे गाडी तुका."

दर रविवारी त्यांचा एक विधी असतो. गाडी डबल स्टँडला लावायची, इंजिन थोडं चालवून बंद करायचं, जरा थांबायचं आणि मग उजव्या अंगाला खाली वाकून तेलाची गोल काच बघायची. काचेवर दोन रेषा असतात, तेल त्यांच्यामध्ये हवं. जुनं इंजिन थोडं तेल पितं, तेवढं ते वरून घालतात. साइड स्टँडवर कधी बघायचं नाही. गाडी डावीकडे कलते, तेल तिकडे पळतं आणि काच रिकामी दिसते. "खोटा बोलता ती," बाबा म्हणतात.

पण गुडघ्यामुळे त्यांना एकट्याने ती गाडी डबल स्टँडला चढवता येईना. तीन रविवार ते मला म्हणाले, "बाय, जरा धरशीत?" तीन रविवार मी समाजाला वाचवत होते.

चौथ्या आठवड्यात, पुलाखालच्या सिग्नलला उभी असताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. तेलाच्या नळकांड्याचं छोटंसं चित्र असलेला दिवा. गिअर टाकून रेस दिली, गेला. पुढच्या सिग्नलला पुन्हा लागला. मागच्या पिशवीत दोन हजार पत्रकं होती, त्यांवर मोठ्या अक्षरात छापलेलं, "लाल दिवा दिसला की थांबा, शोधा, बोला." मी थांबले. ते सिग्नल होता म्हणून.

साइड स्टँडला लावून काच बघितली. रिकामी. आणि मला हायसं वाटलं, कारण साइड स्टँडवर ती रिकामीच दिसणार. बाबांनी जन्मभर शिकवलेल्या एका गोष्टीचा मी असा उपयोग केला. काच खोटं बोलते हे माहीत होतं, मग तिचं ऐकायचं कशाला.

पण दिवा डोळ्यांत जात होता. पुलापलीकडे पंक्चर, क्लच, वायरिंग असं सगळं बघणारा एक मेकॅनिक बसतो. त्याला दाखवलं.

"मॅडम, दोन कामं आहेत," तो हात पुसत म्हणाला. "एक, तेल बघायचं, प्रेशर बघायचं, गरज पडली तर इंजिन खोलायचं. गाडी ठेवून जा, परवा या. दुसरं काम दोन मिनिटांचं."

"दुसऱ्यात काय करणार?"

"दिवा जाईल."

"आणि पहिल्यात?"

"पहिल्यात दिवा का लागला ते कळेल." तो हसला. "तुम्हाला काय पाहिजे बोला. सगळे दोन मिनिटवालं घेतात."

परवा मला लोअर परळच्या सात इमारती करायच्या होत्या. मी म्हटलं, दोन मिनिटवालं करा. त्याने खाली वाकून इंजिनाच्या अंगाची एक वायर उपटली, टेप गुंडाळली. दिवा गेला. समस्या कायमस्वरूपी सोडवण्यात आली. मी आभारही मानले.

पुढे आठवडाभर मी त्या गाडीवरून पेटलेली भाषणं करत फिरले. शिवडीत एका जिन्यात एक आजी म्हणाल्या, "पोरी, तू बोलतेस ते खरं आहे, पण तुझी गाडी लांबून वाजते गं." इंजिनातून टक-टक येत होती खरी. मी त्यांना पत्रक दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी पार्किंगमध्येच सोसायटीची मीटिंग होती. माझ्या पत्रकावर. शनिवारी सकाळी बाबा गावाला निघणार होते, म्हणून ते पलीकडे खांबाजवळ गाडीची तयारी करत होते. वरच्या मजल्यावरच्या एका धडधाकट शेजाऱ्याला धरून त्यांनी गाडी डबल स्टँडला चढवली होती. मी खुर्च्यांपुढे उभी राहून बोलत होते.

सेक्रेटरीकाका शांत माणूस. बँकेतून रिटायर झालेला. म्हणाले, "हे बघ, इमारतीत काही बिघडलंय, हे तू कशावरून ठरवतेस? कुठे दिवा लागलाय? सांग. वर्षभरात एकदा तरी लागला?"

"लागणार कसा, काका? वायर काढल्यावर आगीत जळाला तरी लागणार नाही. न लागणारा दिवा म्हणजे सगळं ठीक, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

चांगलं वाक्य होतं. मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी माना हलवल्या. त्याच वेळी खांबाजवळून बाबांचा आवाज आला. वर चढवलेला नाही, साधाच.

"बाय, हय ये जरा."

"बाबा, मीटिंग चालू आहे."

"ह्याच मीटिंगचा काम आसा. ये."

मी गेले. माझ्यामागे निम्मी मीटिंग वळली. बाबांनी चावी फिरवली, इंजिन चालू न करता. डॅशबोर्डवर न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. बाकी काळोख.

"चावी दिल्यार तेलाचो लाल दिवो लागाक होयो," ते म्हणाले. "इंजिन चालू झाला की विझाक होयो. आधी लागाचो, मगे विझाचो. ह्यो लागणाच नाय." मग खाली हात घालून त्यांनी टेप गुंडाळलेलं टोक ओढून काढलं. "ही कोणी काढल्यान?"

पत्रकं लिहिणाऱ्या बाईला शब्द सापडले नाहीत, ही आमच्या इमारतीच्या इतिहासातली मोठी घटना, आणि ती बघायला कोरम पूर्ण होता.

"म्हणजे घरातल्या दिव्याला एक नियम," सेक्रेटरीकाका आरामात म्हणाले, "आणि सोसायटीच्या दिव्याला दुसरा. छान. आधी तू तुझी वायर लाव, मग आमची बघू."

लोक हसले. मीही त्यांच्या जागी असते तर हसले असते. तेवढ्यात बाबा गाडीवर हात ठेवून त्यांना म्हणाले, "तिची आज लागतली. तुमची कधी लागतली, ता सांगा."

हसणं थांबलं. काका चष्मा पुसायला लागले. "सोमवारी," ते म्हणाले.

बाबांनी काचेत बघितलं. डबल स्टँडवरही रिकामी. खालचा बोल्ट उघडला, ताटलीत तेल सोडलं. जेमतेम तळ झाकला गेला, काळं कुळकुळीत. त्यात बोट बुडवून त्यांनी अंगठ्यावर चोळलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं. बारीक चमकी चमकत होती.

"गणपतीची चमकी नाय ही," ते म्हणाले. "बेअरिंग घासला. तेल कमी, म्हणान प्रेशर कमी. दिवो ताच सांगी होतो. तो लागता तेव्हा उशीरच झालेलो आसता, म्हणान तर लगेच थांबाचा."

"बाबा, नवीन तेल घातलं तर उद्या..."

"घाटात बंद पडात." त्यांनी बोट फडक्याला पुसलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "खात्यात एकदा एकान फेरी चुकवली. जॉबरान, आमच्या मुकादमान, इचारल्यान, तर तो म्हणालो, घातलंय तेल. त्या दिवशी कोणाक कळला नाय. बेअरिंगान मगे सांगितल्यान." एवढंच. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

शनिवारी सकाळी मी त्यांना एसटीवर सोडायला गेले. मागच्या चाकावरची सीट मिळाली होती. गुडघा दुमडता येत नव्हता, पाय वाटेत, मांडीवर माटवीच्या सामानाची गोणी. कंडक्टर म्हणाला, "काका, पाय आत घ्या." त्यांनी दोन्ही हातांनी उचलून तो आत घेतला. शेवटचा फेरा म्हणाले होते, तो हा असा झाला.

गाडी मी ढकलत त्याच मेकॅनिककडे नेली. "पहिलं काम," मी म्हटलं. त्याने गाडी आत घेतली. इंजिन खोललं. तेवढ्यात मी नवीन पत्रक लिहिलं, जुन्याच रीतीचं. पहिल्या ओळीत गुन्हा होता आणि दुसऱ्या ओळीत माझं नाव. तिसरी ओळ लिहायला जमेना, तशीच सोडली आणि सात इमारतींत, आठवडाभर फिरले होते त्याच जिन्यांत, चालत वाटलं. लोकांनी हे पत्रक शेवटपर्यंत वाचलं. दुसऱ्याचं नाव असतं तेव्हा वाचत नाहीत.

सोमवारी काकांनी खरंच इलेक्ट्रिशियन बोलावला. वायर लावली, आणि लावल्याबरोबर टीं-टीं. चौदाव्या मजल्यावर काहीतरी बिघाड आहे म्हणे, म्हणजे तो वर्षभर होताच. शोधायला माणूस येईपर्यंत डबा वाजणार. ग्रुपवर मला नाव न घेता शिव्या पडल्या. आईने अंगठा दिला नाही, पण दारही जरा जोरातच लावलं.

बुधवारी गाडी मिळाली. संध्याकाळी बाबांचा फोन आला. मागे कोणीतरी बांबू तोडत होतं.

"चावी दिल्यार लागता?"

"लागतो."

"चालू केल्यार विझता?"

"विझतो. पुलाखालच्या सिग्नलवर उभी राहून बघितलं. नाही लागला."

"आणि सोसायटीचो?"

"तो लागलाय. विझतच नाही."

"लागान रवांदे," ते म्हणाले. "रविवारी डबल स्टँडक लाव. कोणाकतरी धराक सांग."