लीलाबाईंची बाग आणि तात्यांचं पाणी

लोणी देवकरच्या शिवारात कुणाचंही पीक सुकलेलं गेणबातात्यांना बघवत नसे. सगळा जन्म उसात गेलेला. कालव्याला पाणी सुटलं की तात्या खोरं घेऊन बांधावर. मग जेवणाचीही शुद्ध नसे. अशा माणसाच्या बायकोनं, लीलाबाईंनी, एकरभर वाइनची द्राक्षं लावली. तात्यांच्या लेखी ते बाईचं खूळ होतं.

खूळ भलतंच कष्टाचं. एप्रिलच्या उन्हात लीलाबाई वेली पार बोडक्या करायच्या, पावसाळाभर नव्या काड्या जपायच्या, पाऊस ओसरला की पुन्हा छाटायच्या. त्या दुसऱ्या छाटणीनंतर घड यायचे. जानेवारीत मणी काळे होऊ लागले की मात्र पाणी तोडायचं. वेल थोडी तहानली तरच रसात साखर भरते.

खरी गोम इथंच होती. मागल्या वर्षी पानं मलूल दिसली आणि तात्यांना राहवलं नाही. लीलाबाई बाजाराला गेल्या तेवढ्यात त्यांनी बाग भिजवून काढली. मणी टरारून फुगले, रस पचपचीत झाला आणि वाइनवाल्यांनी माल नाकारला. लीलाबाई दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या बागेत कामाला गेल्या. तेच तात्यांना फार लागलं. यंदाही माल परत आला तर बाग काढून ऊस लावायचा, असं घरात ठरून गेलं.

म्हणून यंदा मणी रंगू लागताच तात्यांनी पिशवी भरली. "घरात ऱ्हायलो तर हात ऱ्हायचा न्हाय माझा," म्हणाले, आणि जळोचीला लेकीकडं, स्वप्नालीकडं, जाऊन बसले. तिथं त्यांनी कुंड्यांना इतकं पाणी घातलं की कढीपत्ता कुजला. शेजाऱ्यांच्या कुंड्याही सुटल्या नाहीत. रोज फोन करायचे.

"येली कशा हायत?"

"तानल्यात."

"लई?"

"तुमच्यापरीस कमी," लीलाबाई म्हणायच्या.

तोडणीच्या तोंडावर तात्या परतले. पानं पिवळी, घड बारके. त्यांनी दोनदा खोऱ्याकडं पाहिलं. वाइनवाल्यांच्या साहेबांनी मणी चुरडून रसाचा थेंब साखर मोजायच्या नळीच्या काचेवर घेतला, उजेडाकडं धरून पाहिला. म्हणाले, "साखर भरलीय चांगली. उद्यापासून तोडा." तात्यांना बांधावरच रडू फुटलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

माल गेला, बागेला विसावा मिळाला, एप्रिल आला. छाटणीच्या सकाळी तात्या लीलाबाईंच्या आधी बागेत हजर. "मला बी शिकीव," म्हणाले. लीलाबाईंनी कात्री त्यांच्या हातात दिली. हिरवी फांदी धरून तात्या घुटमळले.

"एवढी कापू?"

"आनखी खाली."

"आगं, मरंल की!"

"न्हाय मरत. मी हाय न्हवं हितं."

तात्यांनी कात्री दोन बोटं खाली नेली आणि दाबली.