फळमाशीचे नर घेऊन परतवाड्याला

अकोल्याच्या स्टँडवर माझ्या मांडीवर थर्मोकोलचा डबा होता आणि त्यात हजारो फळमाश्यांचे कोष. लोक प्रवासाला चिवडा-लाडू नेतात. मी माझ्या भाचीच्या माश्या नेत होते. शर्वरी प्रयोगशाळेत याच माश्यांवर काम करते, आणि निवृत्त होऊन नाशिकला कंटाळलेली मावशी तिला फुकटची हमाल मिळाली.

"डब्ब्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"माश्या," मी म्हणाले.

"बाप्पा! आमच्या इकडं कमी हायेत काय, म्हून तुमी घेऊन चालल्या?"

गाडीभर हशा पिकला. अकोट सोडल्यावर डाव्या हाताला सातपुडा दिसू लागला. अंजनगावला आलुबोंडा (आपला बटाटेवडा) खाल्ला आणि तिखटानं नाकातोंडातून पाणी आलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या शर्वरीनं माझा वर्ग घेतला. फळमाशीची मादी पिकत्या फळाला डंख करून आत अंडी घालते, अळी गर पोखरते, फळ गळतं. प्रयोगशाळेतल्या या जातीच्या जनुकांतच असा फरक आहे, की माद्यांचे कोष पांढरे आणि नरांचे तपकिरी. रंगावरून नर वेगळे काढायचे, विकिरणानं निर्बीज करायचे आणि बागेत सोडायचे. त्यांच्याशी जुळलेली मादी अंडी घालते, पण ती फुटत नाहीत. मला पटलं, तरी डबा मांडीवर नकोच वाटत होता.

परतवाड्याजवळ प्रल्हादरावांची संत्र्याची बाग आहे. प्रयोग तिथंच होता. पातोडीची (बेसनाच्या वड्यांची) झणझणीत भाजी वाढत ते म्हणाले, "खा ताई, माशा उडून नाई जात." कोषांना निळ्या उजेडात चमकणारी गुलाबी भुकटी लावलेली होती, म्हणजे निघालेली माशी आपली हे ओळखता यावं. दोन दिवसांनी सकाळी आम्ही नर सोडले. दर आठवड्याला नवा डबा येई.

आणि मग, खरंच सांगते, माशी शिंकली. दुसऱ्या आठवड्यात बागेत आपला नर दिसेना. शर्वरी जेवेना.

त्या दुपारी शेजारच्या बागेतले युसूफभाई आम्हाला चहाला घेऊन गेले. धुऱ्यावर (बांधावर) त्यांनी बाटल्या टांगल्या होत्या. आत नराला भुलवणारा वास, तळाशी मेलेल्या माश्यांचा थर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून रस्त्याकडेच्या फांद्यांवर.

"पाहा! रोज भरून राहिल्या," ते अभिमानानं म्हणाले.

शर्वरीनं एक बाटली ओतली आणि निळ्या उजेडाची बॅटरी लावली. थर गुलाबी चमकला.

युसूफभाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे मी तुमचे पाव्हणेच मारले?"

"चूक माझी आहे, काका. परवानगी घेतली ती एका बागेची. माश्यांना धुरा कळत नाही. धुऱ्याअलीकडं मी विचारायलाच आले नाही." तिनं बाटली खाली ठेवली. "बाटल्या राहिल्या तर प्रयोग इथंच संपतो."

"अन् काढल्या तर आमचं आंबिया बहाराचं पीक संपते," आतून त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी म्हणाल्या. "मागल्या साली फळं गळताना पाह्यलीत आमी. तुह्या माशा फसल्या तं?"

मला वाटलं, पोरीनं आता दोन गोड शब्द बोलावेत. ती म्हणाली, "फसू शकतात. यंदाच फरक पडेल असं मी सांगू शकत नाही. गळलेली फळं मात्र रोज वेचून पुरायला मी येईन."

भाभी बाहेर आल्या. "हे खरं बोल्ली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "फवारनीवाला तं शंभर टक्के म्हंते." मग स्वतःच धुऱ्यावर जाऊन पहिली बाटली काढली. मला त्या बाईचा फार आदर वाटला. मी असते तर काढली नसती.

शर्वरीनं शब्द पाळला. महिनाभर मीही तिच्यासोबत वाकून फळं वेचली. कंबरेनं अजून माफ केलेलं नाही.

परतीच्या गाडीत अकोटजवळ तिचा फोन वाजला. युसूफभाई ओरडूनच बोलत होते. "बेटी, आज एक संत्रं कापलं. डंख हाय, पन अळी नाई!"

"काका, एका फळावरून काही सिद्ध होत नाही."

"ते तुह्यं तू पाह्य. जुबेदानं खाल्लं बी."

शर्वरी खिडकीकडं तोंड करून रडायला लागली. एका फळाला शास्त्रात किंमत नाही, एवढं मलाही आता कळतं. पण ते खाणारी कोण होती, हेही कळतं.