खुनी सापडतो ना?

जळक्या पॉपकॉर्नचा वास आला की रत्नागिरीतलं ते थेटर आठवतं. शेजारच्या मावशीने पिक्चरला निघायच्या आधीच विचारलेलं, "खुनी सापडतो ना रे त्यात?" तिच्या नवऱ्याला मिरकरवाड्याच्या जेटीवर कोणीतरी मारलेलं, ते कोणी, हे कधी कळलंच नाही. पिक्चरला पेपरात पाच स्टार, म्हणून मी म्हटलं, "सापडणारच, चल." तीन तास नुसता धूर नि उसासे, आणि खुनी न सांगताच दिवे लागले. मावशी खुर्चीतच बसलेली. "मग मारलान कोणी?" तिला हसवायला मी पिक्चरमधल्या इन्स्पेक्टरचा घोगरा आवाज काढला, "बाई, आरोपी सापडलाय." मावशी हसली नाही. पदर सावरून उभी राहिली, हात जोडून म्हणाली, "कोण, साहेब?" अजून गणपतीत पोरं त्या इन्स्पेक्टरचा आवाज काढायला सांगतात. मी बाकीचे सगळे आवाज काढतो.