टाकीकाका आणि घरातला गुडघा

टाकीकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या घासल्या, म्हणून सगळे त्यांना टाकीकाका म्हणायचे. कमरेला दोर, हातात ब्रश आणि तोंडाचा पट्टा सुरू. एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "घासायचं कशाला, थोडी ब्लीचिंग पावडर टाका ना," की काकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"साहेब, आत हात घाला. भिंत बुळबुळीत लागतेय ना? ती बुळबुळ पावडरीला भीक घालत नाही. वरचं मरतं, खालचं मजेत राहतं. टाकी रिकामी करायची आणि घासायची. दुसरा उपाय नाही!"

असा हा माणूस स्वतःच्या घरी मात्र चार महिने नुसती पावडर टाकत बसला होता.

बायकोच्या उजव्या गुडघ्यात दोन वर्षांपूर्वी धातूचा सांधा बसवला होता. ती झकास चालायला लागली, भांडणंसुद्धा उभ्यानं करायला लागली. मग गुडघा सुजला, हाताला गरम लागू लागला, संध्याकाळी अंगात कणकण. आता सांधा ज्या सर्जनबाईंनी बसवला त्यांच्याकडे जायला हवं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काका गेले कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. त्यांच्या गोळ्या संपल्या, दुखणं परत हजर. काकांनी डॉक्टर बदलला. मग तोही बदलला. गोळ्यांचे रंग बदलत गेले, गुडघा होता तसाच.

कारण साधं होतं. सर्जनबाई काय म्हणणार ते काकांना माहीत होतं. काकांचा थोरला भाऊ साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला हसत गेला होता आणि परत आणताना चौघे लागले होते. तेव्हापासून काकांना ऑपरेशन या शब्दाचीच धास्ती होती. बाहेर मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. "उगीच कापाकापी कशाला?" एवढंच म्हणायचे.

शेवटी गुडघ्यावरच्या ऑपरेशनच्या जुन्या व्रणावर फोड आला आणि त्यातून पाणी वाहू लागलं. तेव्हा कुठे दोघं सर्जनबाईंसमोर बसली. बाईंनी गुडघ्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी पुन्हा बोलावलं.

"सांध्यावर जंतूंनी बिऱ्हाड केलंय," बाई म्हणाल्या. "आधी थोडेच येऊन धातूला चिकटतात. मग वाढतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थरात औषध नीट पोचत नाही. आणि अगदी आतले जंतू जवळजवळ झोपलेले असतात, त्यामुळे पोचलं तरी लागू पडत नाही. गोळ्यांनी बाहेर सुटलेले मरतात, बरं वाटतं, मग थरातून नवे सुटतात. सांधा काढायचा, सगळं साफ करायचं, काही आठवडे औषध भरलेला तात्पुरता ठोकळा ठेवायचा, मग नवा सांधा."

हे भाषण काकांच्या ओळखीचं होतं. फरक एवढाच, की आज सेक्रेटरीच्या खुर्चीत ते स्वतः बसले होते.

"जरा जालीम गोळी नाही का?" तरी त्यांनी विचारलंच. "ताप तर दर वेळी उतरतो. मी स्वतः थर्मामीटर लावतो."

"पहिल्यांदा उतरला होता," बायको म्हणाली. "नंतर नाही. तुम्ही थर्मामीटर आणेपर्यंत मी तोंडात थंड पाणी धरून ठेवायचे."

सर्जनबाईंचं पेन थांबलं.

"अगं, वेड लागलंय का तुला?" काका ओरडले. बाहेर बसलेल्या पेशंटांनी दाराकडे पाहिलं असणार. "का असं केलंस?"

"ताप दिसला की तुमचं जेवण तुटायचं. रात्रभर माझ्या नाकाशी हात धरून बसायचात. मला बघवत नव्हतं."

काकांनी सर्जनबाईंकडे पाहिलं आणि चार महिने टाळलेलं विचारून टाकलं.

"ही वाचेल ना?"

"बहुतेक पेशंट यातून बरे होतात," बाई म्हणाल्या. "शंभर टक्के मी कुणालाच सांगत नाही. पण थांबलात तर हे जंतू रक्तात पसरू शकतात. मग प्रश्न गुडघ्याचा राहणार नाही."

काकांचा चेहरा पडला. बायको आपल्या गुडघ्याकडे बघत होती.

"मलाही भीती वाटते हो," ती म्हणाली. "पण घरात घाबरायला तुम्ही एकटेच पुरेसे होतात. मला कधी जागाच मिळाली नाही."

काकांनी खुर्ची ओढून तिच्याजवळ नेली, तिचा हात धरला आणि सर्जनबाईंना म्हणाले, "तारीख द्या."