वगळलेलं प्रकरण

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात पाच प्रकरणं आहेत. लिहिली होती सहा.

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात मी तात्पुरत्या नेमणुकीवर इतिहास शिकवत होते. विषय घेतला होता बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामांवर राबलेल्या बायकांचा. रविवारी पिशवीत टेपरेकॉर्डर टाकून एसटीनं निघायचं आणि बायकांना बोलतं करायचं. नेकनूरच्या पुढं एका खेड्यात एक म्हातारी भेटली. चौथ्या भेटीत तिनं तिच्या जावेचं सांगितलं. पाझर तलावासाठी मुरूम खणताना दरड कोसळली आणि जाऊ खाली गाडली गेली. काम मजुरांच्या सहकारी सोसायटीकडं होतं. मुकादमानं तिला उकरूही न देता सगळ्यांना दुसऱ्या अंगाला हाकललं. ती आज आलीच नव्हती म्हणायचं, तोंड उघडलं तर उद्यापासून काम बंद, असं बजावलं. त्या साली काम बंद म्हणजे चूल बंद.

पुढं तहसील कचेरीच्या जुन्या दप्तरात मला त्या कामाचा हजेरीपट सापडला. तिच्या नावापुढची हजेरी खोडून वर ‘गैरहजर’ लिहिलं होतं. खाली सोसायटीच्या चेअरमनची सही. ती सही मी ओळखली. माझ्या नेमणुकीच्या पत्रावरही तीच होती. चेअरमन आता आमच्या संस्थेचे अध्यक्ष होते.

मी कुणाला बोलले नाही. तरी आठवडाभरात शिपाई निरोप घेऊन आला, अध्यक्षसाहेबांनी बोलावलंय म्हणून. त्यांनी चहा मागवला. विषय छान निवडलाय म्हणाले. मग बशी खाली ठेवत म्हणाले, “वडील चकलांब्याला एकटेच असतात ना? जपा त्यांना.”

वडील एकटे राहतात हे मी कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून स्टँडवर एखादी जीप मागं थांबली, तरी मी गर्दीत शिरायचे. कॅसेटी मी ज्वारीच्या कोठीत पुरल्या. वर्गात शिकवताना दाराशी सावली आली की वाक्य तुटायचं. सहावं प्रकरण मी स्वतःच्या हातानं काढलं. मार्गदर्शकांनी कारण विचारलं, तेव्हा पुरावा कच्चा आहे असं मी सांगितलं. पदवी मिळाली, नोकरी कायम झाली. पेढेही वाटले.

म्हातारीला शब्द दिला होता, म्हणून बांधलेला प्रबंध दाखवायला गेले. तिनं हात पुसून पुठ्ठ्यावरून फिरवला.

“माज्या जावंचं कुटं हाय? तेवढंच वाच.”

तिला अक्षरओळख नव्हती. मनानं काहीही रचून वाचलं असतं तरी चाललं असतं. मी एक पान उघडलंही. पण लगेच मिटलं.

“नाही लिहिलं, मावशी. भ्याले मी.”

तिनं प्रबंध माझ्या पिशवीत परत ठेवला. म्हणाली, “मी बी भ्यालते. तिच्या लेकाला आजवर सांगितलं न्हाई. आई पळून गेली म्हनत्यात लोक. त्येला बी तसंच वाटतंय.”

मी परत आले आणि कोठीतून कॅसेटी काढल्या. महिनाभरात ते प्रकरण पुण्याच्या एका त्रैमासिकाला पाठवलं. पाकीट पेटीत टाकल्यावर ते परत काढता येईल का, म्हणून मी फटीत बोटं घालून पाहिली. वडिलांना मात्र आधीच बहिणीकडं नेऊन ठेवलं होतं.

लेख छापून आला. अध्यक्षांनी मला बोलावलं नाही. संस्थेच्या पार टोकाच्या शाखेत बदलीचा कागद तेवढा आला. रोज दोन एसट्या बदलून जाऊ लागले. बाजारात एकदा एका अनोळखी माणसानं, बाई, अजून लिहिता का, असं हसत विचारलं. हातातली भाजी तिथंच टाकून मी घर गाठलं.

मग एक दिवस जावेचा तो लेक कॉलेजात आला. चाळिशीचा, नुकताच ऊसतोडीवरून परतलेला. चुलतीनं त्याला सगळं सांगितलं होतं. त्याला ती जागा बघायची होती. आम्ही तिघं तलावावर गेलो. म्हातारीनं काठी उचलून मुरमाची एक खचलेली कड दाखवली. तो तिथं मांडी घालून बसला आणि मुरमावर हात ठेवून हळू आवाजात काही बोलत राहिला.

मी ऐकलं नाही. माझं सगळं लक्ष रस्त्याकडं होतं, जीप येते की काय म्हणून.